सात नंबरचं माजघर

१

माझं काम नकाशे तपासण्याचं. कुणी ओटी रस्त्यावर ओढली, कुणी मोरीचं पाणी शेजाऱ्याच्या परसात सोडलं, कुणी विहिरीला खेटून संडास काढला, तर ते कागदावर पकडायचं आणि खाली चार ओळींचा अभिप्राय लिहायचा. रत्नागिरीच्या म्युनिसिपालिटीत ओव्हरसियर होऊन मला नऊ वर्षं झाली होती. माझ्या अभिप्रायावर कुणाचं काही अडलं नव्हतं, नि कुणाचं फारसं भलंही झालं नव्हतं.

एकोणीसशे एकतीस सालच्या माघात माझ्या टेबलावर एक मोठा नकाशा आला. गावाच्या डोक्यावर जो उघडा कातळ पसरला आहे, ज्याला आमच्याकडे सडा म्हणतात, तिथे एक घरबांधणी सोसायटी अठरा घरं बांधणार होती. प्रत्येक घर सारखंच. पुढे ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर. रस्ते रुंद, विहीर लांब, गटारांना उतार. इतका नीटस नकाशा मी पाहिला नव्हता.

सोसायटीचे चिटणीस पोंक्षे वकील स्वतः नकाशा घेऊन आले होते. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "पेठे, मुलीची तब्येत कशी आहे?"

"आहे तशीच."

"चैत्राच्या आत मंजुरी मिळाली तर सात नंबर तुम्हाला राहायला देऊ. सड्यावरची कोरडी हवा. बघा."

मी त्यांना तिथल्या तिथे गप्प करायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो."

आम्ही मांडवीला, बंदराच्या मागच्या आळीत दोन खोल्यांत राहत होतो. भिंतींना बारा महिने खारट ओल. राही आठ वर्षांची होती आणि तिला दमा होता. चार पावलं चालली की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. तिचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्याच खोल्यांत, त्याच शिट्टीने गेला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आणखी एक पावसाळा या जागेत काढू नका." कुठे काढायचा, ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

२

जागा पाहायला मी केरूला घेऊन गेलो. केरू आमच्या कचेरीतला साखळीवाला, म्हणजे मोजणीची साखळी ओढणारा, पन्नाशीचा, पाय लोखंडासारखे. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही वर पोचलो. सड्यावर झाड नाही. वाळलेलं गवत, काळा कातळ, आणि वारा. तिथला वारा कधी थांबत नाही. टोपी हाताने धरून ठेवावी लागते.

सभासदांना कल्पना यावी म्हणून सोसायटीने एका घराची आखणी कातळावर चुन्याच्या फक्कीने मारून ठेवली होती. नेमकं सात नंबरचं. पांढऱ्या रेघा, दारांच्या जागी मोकळ्या फटी. मला हसू आलं. लहान मुली खेळताना असंच घर आखतात.

आम्ही मापं घ्यायला लागलो. ओटी झाली. मी दाराच्या फटीतून माजघरात शिरलो, साखळीचं टोक कातळावर टेकवलं आणि हातातला नकाशा पसरला. तो पसरला तसाच राहिला. त्याचा एक कोपरासुद्धा हलला नाही.

मी मान वर केली. चार हातांवर, रेघेच्या बाहेर, गवत आडवं झोपत होतं. केरूच्या मुंडाशाचं सुटलेलं टोक फडफडत होतं. माझ्या कानाशी मात्र काही नव्हतं. घराची सगळी दारं लावून घेतल्यावर होतं तसं.

"केरू, इकडे ये."

तो रेघेशी आला, थांबला. त्याने हात आत घातला आणि तव्याला लागल्यासारखा मागे घेतला.

"सायब, हितं वारा लागत नाय."

"कातळाला खोलगट असेल. आडोसा होत असेल."

"खय हाय आडोसा?" केरूने चौफेर पाहिलं. समुद्रापर्यंत सगळं सपाट होतं. "मी नाय आत येनार. तुमी टोक धरा, मी भायरनं मापतो."

त्याने बाहेरूनच मापलं. बारा फूट बाय दहा फूट. नकाशाप्रमाणे बरोबर.

मी बाहेर आलो आणि वाऱ्याने टोपी उडवली. ती धरायला धावताना मी ठरवून टाकलं की यात विशेष काही नाही. वारा कधी पट्ट्यापट्ट्याने वाहतो. समुद्रकाठच्या माणसाला हे ठाऊक असतं.

३

दुसऱ्या खेपेला मी एकटा गेलो. नियम असा की प्रत्येक खोलीत हवा खेळती हवी, आणि तसं असल्याचं मला लिहून द्यायचं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. ऊन कातळावरून उलटून तोंडावर येत होतं.

मी माजघराच्या मधोमध उभा राहिलो. रुमाल काढून चिमटीत धरला. रुमाल लोंबत राहिला. मी मोठ्याने म्हणालो, "असू दे." आवाज माझ्या तोंडापासून दूर गेलाच नाही. उघड्यावर आवाज विरतो. हा विरला नाही, अंगाशीच राहिला, भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखा.

मग स्वयंपाकघरातून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

स्वयंपाकघर म्हणजे माझ्यापुढची पांढरी चौकट. तिच्यात कातळ होता आणि वाळक्या गवताचा एक झुबका होता. मी त्या झुबक्याकडे पाहत असतानाच जमिनीवरून पाट सरकवल्याचा आवाज झाला. लाकूड खरवडल्याचा. जेवायला बसण्याआधी बाई पाट मांडते तसा. एक. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा.

मग सगळं शांत झालं. शांत म्हणजे, वाट पाहिल्यासारखं.

"कोण आहे?" मी विचारलं.

कोण असणार? मी रेघ ओलांडून बाहेर आलो. पळालो नाही. चाळीस पावलं चाललो आणि मग पळालो.

घाटी उतरताना मी हिशोब मांडत होतो. जांभा दगड आतून पोकळ असतो, त्यात बिळं असतात. पायथ्याच्या वाडीतले आवाज त्या पोकळीतून वर येत असतील. अगदी शक्य आहे. तिथल्या एखाद्या घरात कुणी पाट मांडत असेल. पण दुपारी तीन वाजता कोण जेवायला बसतं, हे माझं मलाच सांगता येईना. आणि घरात आम्ही माणसं तीनच होतो, हे तर मला आठवायचंच नव्हतं.

४

जमीन मुळात हमीद तांडेलाची. उभा जन्म गलबतावर काढलेला माणूस, आता मांडवीच्या वाळूत उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसून असायचा. मी त्याच्याशेजारी बसलो.

"चाचा, सड्यावरच्या त्या जागेत कधी काही होतं का? थडगं, देऊळ, घरटं?"

"काय बी नव्हतं. कातळ हाय नुसता. माझ्या बापानं घेतला, का घेतला अल्ला जाणे."

"कुणी काही पाहिलंय तिथे? ऐकलंय?"

"नाय." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी ऐकलंव?"

"तिथे एका जागी वारा पडतो."

त्याने मान वळवून दर्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दर्यात बी पडतो. चांगला भरलेला वारा, शीड एकदम मेल्यागत होतंय. तवा आमी कोन बोलत नसू. पोरगा रडला तरी त्याचं तोंड दाबायचं."

"का?"

"का ते आमास्नी बी कुनी सांगितलं नाय. वारा परत सुटला की बोलायचं." त्याने वाळूची मूठ भरली आणि सोडून दिली. "साहेब, जमीन मी इकून टाकली. आता मला कशाला इचारता?"

त्या संध्याकाळी मी पोंक्षे वकिलांकडे गेलो. सात नंबर वगळून सतराच घरं करा, असं सुचवलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण?" मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाकीची सतरा वाटून झालीत, पेठे. सात नंबर सोडला तर तुम्हालाच घर उरणार नाही. आणि सोमवारी कमिटी आहे."

घरी आलो तेव्हा राही उशांच्या ढिगाला टेकून बसली होती. तिच्या गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. माझी बायको कमळा तिची पाठ गरम वाळूच्या पुरचुंडीने शेकत होती. मी कोट काढायच्या आतच कमळा म्हणाली, "सही केलीत?"

"अगं, त्या जागेत काहीतरी बरं नाही. तिथे वारा नाही."

"वारा नाही तर नाही. ओल तर नाही ना?"

"ओल नाही."

"मग?" तिने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात पाहिलं होतं तसंच. "एक लेकरू या भिंतींना दिलं. दुसरं द्यायचंय का तुम्हाला?"

५

कमळाला जागा पाहायचीच होती. रविवारी सकाळी गाडी जुंपली. केरूने बैल हाकले. राहीला गोधडीत गुंडाळून घेतलं होतं आणि चढावावर प्रत्येक धक्क्यासरशी तिच्या छातीतली शिट्टी चढत होती. सड्यावर पोचलो तेव्हा तिच्या ओठांना निळसर झाक आली होती. केरू गाडीपाशीच बसून राहिला.

कमळाने पांढऱ्या रेघा पाहिल्या आणि तिचा चेहरा फुलला. लग्नानंतर तिने असं घर पाहिलं नव्हतं, आणि हे तर अजून घरही नव्हतं. "ही ओटी? आणि हे माजघर? केवढं मोठं!" तिने राहीला खाली उतरवलं. मी नको म्हणायच्या आत राही फटीतून आत गेली.

आणि शिट्टी थांबली.

बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या, बाहेर वारा घोंगावत होता. पण गेले चार महिने जो आवाज झोपेतसुद्धा माझ्या कानात होता, तो नव्हता. राहीने खांदे खाली सोडले. तिच्या ओठांवर रंग आला. ती हसली. "आई, दुखत नाही."

कमळा मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. मीही रडलो असतो. पण मी राहीकडे पाहत होतो.

ती खोलीत हिंडत होती. रेघ एकदाही ओलांडली नाही तिने. दारातून दारातच जात होती, आणि स्वयंपाकघराच्या फटीशी जाताना तिने पाऊल जरा उचललं, उंबरठा असल्यासारखं. मग ती दमली म्हणून माजघरात खाली बसली. पाय पसरले, आणि मागे टेकली.

तिच्या मागे काही नव्हतं. मागे रेघ होती आणि रेघेपलीकडे वाऱ्यात झोपणारं गवत होतं. ती पाठीमागे कलली होती, डोकं टेकवलं होतं, केसांचा अंबाडा किंचित चेपला होता. कुठलंही माणूस असं बसूच शकत नाही. पडलं असतं.

मी कमळाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं. तिने मान फिरवली.

"राही," मी आत जाऊन तिच्याजवळ गुडघे टेकले. "मला तुझा श्वास बघू दे हं." मी तिच्या छातीला कान लावला, डॉक्टर लावतात तसा.

शिट्टी नव्हती. घरघर नव्हती. मी वाट पाहिली. दुसरा कान लावला. माझंच रक्त कानात वाजत असेल म्हणून मी स्वतःचा श्वास रोखून धरला. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. तिच्या छातीत काहीच नव्हतं. वारा पडलेला होता.

स्वयंपाकघरात पाट सरकला.

मी तिला उचललं. "काय करता?" कमळा उठली. "बसू द्या ना तिला! किती दिवसांनी..." मी दाराकडे वळलो तर ती फटीत हात पसरून उभी. "बाहेर काढलीत तर मरेल ती!" मागच्या खेपेला सहज ओलांडली होती त्या रेघेवरून मी बाजूने जायला गेलो आणि माझा खांदा कशावर तरी आपटला. गार, खरबरीत, चिऱ्याचं. त्या खांद्यावर नंतर महिनाभर काळानिळा डाग होता. तो एवढाच माझ्याकडे पुरावा होता आणि तोही गेला.

मी कमळाला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि दारातून बाहेर पडलो.

बाहेर वाऱ्याचा झोत अंगावर आला. राहीची मान मागे पडली. डोळे पांढरे झाले. मी कातळावर बसून तिची पाठ चोळत राहिलो, तिच्या तोंडावर फुंकर घालत राहिलो, देवाचं नाव घेतलं की शिव्या दिल्या आठवत नाही. केरू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. कमळा ओरडत होती, "आत न्या तिला! अहो, आत न्या!"

मग राहीच्या छातीत शिट्टी वाजली. जीवघेणी, चिरकी, ओढाताणीची शिट्टी. मी ती ऐकत तिला कवटाळून बसलो. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

६

सोमवारी कमिटीपुढे मी अभिप्राय वाचला. रस्ते योग्य, विहीर योग्य, उतार योग्य. सात नंबरच्या माजघरात हवा खेळती नाही, सबब ते घर मंजूर करू नये.

पोंक्षे वकील सावकाश उठले. "पेठे, सड्यावर आज सात नंबरचं काय आहे?"

"आखणी आहे."

"भिंती?"

"नाहीत."

"म्हणजे ज्या खोलीला भिंती नाहीत, त्या खोलीत हवा येत नाही, असं तुमचं म्हणणं?"

सगळे हसले. कुणीतरी माझ्या मुलीच्या आजाराचं हलक्या आवाजात सांगितलं आणि हसू थांबलं. ते जास्त वाईट होतं. नकाशा एकमताने मंजूर झाला. सात नंबर दुसऱ्या कुणाला दिलं.

मी दुसरी जागा शोधली. पेठ किल्ल्याखाली, टिळक आळीत, झाडगावात, दारोदार फिरलो. दम्याचं नाव काढलं की लोकांना क्षय वाटायचा आणि दार लागायचं. मृग लागला. आषाढात भिंतींवरून पाणी ओघळू लागलं. राही एकवीस दिवस झुंजली. शेवटच्या दुपारी तिने मला विचारलं, "बाबा, मला त्या घरात का नाही नेत?" मी तिची उशी सारखी केली. चार वाजता ती गेली.

कमळाने माझ्यावर एकदाच तोंड टाकलं. तेही स्मशानातून परतल्यावर, माझ्या पायावर पाणी घालताना. "तिकडे ती बरी होती," ती म्हणाली. "तुम्ही तिला बाहेर काढलंत." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, कपडे घड्या करून ठेवायची. दिवाळीनंतर ती रोज दुपारी कुठेतरी जाऊ लागली आणि दिवे लागायच्या आत परत येऊ लागली. देवळात जात असेल, असं मी मनाशी म्हटलं. विचारायचा अधिकार मला उरला नव्हता.

मला स्वतःला एकच प्रश्न होता आणि तो मी अजून कुणाला विचारलेला नाही. त्या दिवशी मी तिला वाचवलं, की पाच महिने उशिरा मारलं?

७

मार्गशीर्षात घरं पुरी झाल्याचा दाखला द्यायला मला सड्यावर जावं लागलं. दोन वेळा टाळलं. तिसऱ्यांदा साहेबांनी चिठ्ठी पाठवली.

भर दुपारी गेलो. अठरा घरं उभी होती. लाल चिरे, नवी कौलं, दोरीवर धुणी. पोरं रस्त्यावर विटीदांडू खेळत होती. मी एकेक घर पाहत गेलो. सातसमोर आलो तेव्हा बाहेरूनच लिहायचं ठरवलं.

"अहो, तुम्ही पेठे ना?" ओटीवर एक बाई सुपात तांदूळ निवडत होत्या. यमुनाबाई नाव त्यांचं. मालवणहून दिवाळीलाच इथे राहायला आलेल्या. चेहरा मायाळू. "तुमच्या घरातून येतात त्या, कमळाताई, त्यांनी तुमच्या कामाबद्दल सांगितलंय."

"कमळा इथे येते?"

"रोज. दुपारची मला तेवढीच सोबत. बसतात माजघरात तासभर. मी कधी विचारलं नाही, माणसाला काही दुःख असतं." त्या जरा घुटमळल्या. सुपातले तांदूळ एकीकडे केले. "एक सांगायचं होतं. रागावू नका. त्या जाताना मुलीला घेऊन जात नाहीत हो."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

"मुलगी गुणी आहे. त्रास काही नाही. भिंतीला टेकून बसते. पण जेवत नाही, आणि आमच्या ह्यांना ते बरं वाटत नाही, परक्याचं लेकरू असं दिवसदिवस. तुम्ही तेवढं कमळाताईंना सांगाल?"

"तिला..." मी माजघराच्या दाराकडे पाहिलं. "तिला दम लागतो का?"

"नाही बाई," यमुनाबाई म्हणाल्या. "दम कसला? श्वाससुद्धा ऐकू येत नाही, इतकी शांत असते."

तेवढ्यात माजघराच्या दारात कमळा येऊन उभी राहिली. किती महिन्यांनी तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. सड्यावर पहिल्यांदा चुन्याच्या रेघा पाहताना होती, तशी दिसत होती ती. ती एका बाजूला सरकली. तिच्या मागे अंधारात, भिंतीच्या पायथ्याशी, दोन लहान पावलं पसरलेली होती. वर काय होतं ते दारामुळे दिसत नव्हतं.

"या," कमळा म्हणाली. "पण तिला बाहेर बोलावू नका."

मागे रस्त्यावर वारा सुटलेला होता. धुणी फडफडत होती, पोरं ओरडत होती. नऊ वर्षं मी लोकांच्या घरांवर अभिप्राय लिहीत आलो होतो. मी कागद ओटीच्या कठड्यावर ठेवले आणि वहाणा काढल्या.